पांढरं दिसलं की लगेच फवारणी?

प्रश्न: ताई, सासवडजवळ आमची सीताफळाची बाग आहे. फळांच्या डोळ्यांमधे पांढरा कापूस साचलाय, पानं चिकट होऊन काळी पडलीत. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, आहे ते कळतंय, पण त्यातच काही पांढरे किडे चांगले मोठे आहेत आणि पळतात पण. ही मिलीबगची दुसरी जात का? दुकानवाला म्हणतो डबल डोस मारा.
– एक बागायतदार, पुरंदर

उत्तर: दादा, पंप आधी खाली ठेवा! ते पळणारे मिलीबग नाहीतच, मिलीबग खाणारे आहेत. क्रिप्टोलिमस म्हणून ढालकिडा असतो, त्याच्या अळ्या त्या. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मधे कॉफीवरच्या खवले किडीसाठी आपल्याकडे आणला. पहिल्यांदा मी पण फसले होते, साबणाच्या पाण्याने सगळ्या अळ्या धुवून काढल्या आणि वर खुश झाले!

ओळखायचं कसं, तर काडीने हळूच डिवचा. मिलीबगची मादी तीन-चार मिलिमीटरची, सोंड सालीत खुपसून बसलेली असते त्यामुळे ती जेमतेम हलते, अळी मात्र १३ मिलिमीटरपर्यंत वाढते आणि डिवचली की सुटतेच. मिलीबगवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, अळीच्या अंगावर मेणाच्या लांब विस्कटलेल्या झिपऱ्या, अगदी फरशी पुसायच्या मॉपसारख्या. ढालकिड्याची मादी अंडी घालते तीही मिलीबगच्या कापसातच, म्हणजे पिल्लू बाहेर पडलं की जेवण समोर! मोठा झालेला किडा मात्र पांढरा नसतो आणि त्याला ठिपकेही नसतात, काळी पाठ, डोकं आणि मागचं टोक नारिंगी, म्हणून लोक त्याला ओळखतच नाहीत.

आता मुंगळे बघा. पानांवरचा चिकटा म्हणजे मिलीबगने सोडलेला गोड रस, तो खायला मुंगळे येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हाकलतात, खरी लढाई तिथेच आहे. खोडाला चिकट पट्टी बांधा, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. अळ्या कमी वाटल्या तर याच ढालकिड्याचे मोठे झालेले भुंगेरे विकत मिळतात, साधारण हेक्टरी १५०० सोडायला सांगतात, संध्याकाळी सोडा. आणि मग रासायनिक औषध मारू नका, नाहीतर आधी हेच मरतील.

फारच भरलेली फळं तोडून पुरून टाका, पण त्याआधी त्यांच्यावरच्या पळणाऱ्या अळ्या दुसऱ्या झाडावर झटकून घ्या.