नॅनोकणांवर संशोधन करायचंय, एमएस्सी कशात करू?

प्रश्न : मी बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट घातलं आणि ते लालभडक झालं. तेव्हापासून नॅनोकणांवरच संशोधन करायचं डोक्यात आहे. एमएस्सी नॅनोसायन्समध्ये करू की रसायनशास्त्रात? यात नोकऱ्या आहेत का?

उत्तर : रसायनशास्त्रातच कर. नॅनोसायन्सचे अभ्यासक्रम वाईट नसतात, पण त्यांत सगळ्याच विषयांचं थोडं थोडं शिकवतात आणि मुलाखतीत ‘तुला नेमकं काय येतं?’ असं विचारलं की पंचाईत होते.

तुला दिसलेला लाल रंग सोन्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे आला. प्रकाश पडला की ते एकसाथ हेलकावतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, हे फॅरडेने १८५७ मध्येच मांडलं होतं. अर्धसंवाहकांची गोष्ट निराळी. कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळा चमकतो, सहाच्या आसपासचा लाल, कारण कण जितका लहान तितकी इलेक्ट्रॉनची कोंडी जास्त आणि ऊर्जापट्ट्यांमधलं (इलेक्ट्रॉनला मुभा असलेल्या ऊर्जांमधलं) अंतर मोठं, आणि अंतर मोठं की रंग निळ्याकडे झुकतो. हे वाचून त्या अंतराचं गणित मांडावंसं वाटलं, तर मात्र भौतिकशास्त्राचा विचार जरूर कर. ‘सगळे कण एकाच मापाचे कसे बनवायचे?’ असं वाटलं, तर तू योग्य वाटेवर आहेस. अशा अर्धसंवाहक नॅनोकणांसाठी, म्हणजे क्वांटम डॉट्ससाठी, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी यांना मिळालं. त्यांतले एकिमोव्ह भौतिकशास्त्रज्ञ. बावेंडींचं १९९३ चं काम म्हणजे एकसारखे, जवळजवळ निर्दोष कण बनवण्याची रीत, आणि ते अस्सल रसायनशास्त्र आहे.

रोजचं काम मात्र रंगांइतकं रंजक नसतं. कण तासाभरात तयार होतात, पण यूव्ही-व्हिजिबल (कोणता प्रकाश शोषला जातो ते), एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) अशा तपासण्यांत आठवडे जातात. भांडं नीट धुतलं नसेल तर कण एकमेकांना चिकटतात, द्रावण जांभळट-निळं पडतं आणि सगळं पहिल्यापासून. हे झेपतं का, ते आत्ताच एखाद्या छोट्या प्रकल्पात पाहून घे.

नोकऱ्या आहेत, पण जाहिरातीत ‘नॅनो’ हा शब्द शोधत बसू नकोस. घरगुती गर्भचाचणीतली लाल रेघ बहुधा सोन्याच्या कणांचीच असते. काही टीव्हींच्या पडद्यांत क्वांटम डॉट्स असतात. कॅडमियम विषारी म्हणून तिथे इंडियम फॉस्फाइड आलं, आणि त्यावर अजून भरपूर काम चालू आहे. निदान-किट, डिस्प्ले, उत्प्रेरक, कोटिंग बनवणाऱ्या कंपन्यांना मटेरियल्सचा रसायनतज्ज्ञ हवा असतो. एमएस्सीवर बहुतेक चाचणी आणि गुणवत्ता विभागात काम मिळतं. स्वतःचा प्रश्न घेऊन संशोधन करायचं तर पीएचडीला पर्याय नाही.

पीएचडीचा गाईड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल. उपकरणावर स्वतः बसायला मिळतं, की नुसता नमुना देऊन आलेख घेऊन यायचं, एवढं विचारलंस तरी बरंच कळेल.