पोटात राहिलेला बोळा आणि दोन वर्षांचा हिशेब

निपाणी भागातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. पत्नीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन जानेवारी 2023 मध्ये कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात झालं. घरी आल्यापासून पोट दुखतच राहिलं, आणि दीड वर्ष गावातल्या डॉक्टरच्या गोळ्यांवर काढलं. ऑगस्ट 2024 मध्ये बेळगावात सीटी स्कॅन केला तेव्हा पोटात कापडाचा बोळा दिसला आणि त्याच महिन्यात दुसरं ऑपरेशन करून तो काढावा लागला. त्या दिवाळीपासून कोल्हापूरच्या रुग्णालयाशी ‘बोलणी’ चालू आहेत. मध्ये एक वकिली नोटीसही गेली. आता जून 2026 मध्ये ते विचारतात, केस कोल्हापुरात घालायची की बेळगावात, आणि पन्नास लाख मिळतील का?

अशा पत्रांत कुठे आणि किती हे सगळेच विचारतात. कधीपर्यंत, हे कोणी विचारत नाही. डॉक्टरची चूक झाली का, यावर मी शब्द खर्च करणार नाही. बोळा पोटात आपोआप तयार होत नाही. तुमचं प्रकरण तारखेवर उभं राहील किंवा तारखेवर पडेल.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 सांगतं की दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. पण कारण घडलं कधी? रुग्णालयाचा वकील म्हणेल, पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी. तसं धरलं तर तुमची मुदत जानेवारी 2025 मध्येच संपली. तुम्ही म्हणायचं, बोळा आहे हे कळलं त्या दिवशी, म्हणजे सीटीच्या रिपोर्टच्या तारखेला. तसं धरलं तर ऑगस्ट 2026 पर्यंत वेळ आहे. सगळी लढाई या दोन तारखांमधली आहे.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा श्रीखंडे प्रकरणातला निकाल आहे आणि तो दोन्ही बाजूंना कापतो. न्यायालय म्हणालं, इजा उघड दिसत असेल तर मुदत कृत्याच्या दिवसापासून मोजायची. ती आत दडलेली असेल तर रुग्णाला कळली त्या दिवसापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळू शकली असती त्या दिवसापासून. हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण त्या प्रकरणातल्या बाई त्याच वाक्यावर हरल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन 1993 मध्ये झालं होतं, बोळा 2002 मध्ये निघाला आणि तक्रार 2004 मध्ये झाली. मधली नऊ वर्षं त्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्या, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे परत गेल्या नाहीत. त्या स्वतः सरकारी रुग्णालयात नर्स होत्या, तेव्हा त्यांना इतकं कळायला हवं होतं, असं न्यायालयाने धरलं.

तुमची पत्नी नर्स नाही, विड्या वळते. आणि नऊ वर्षं कुठे, दीड वर्ष कुठे. त्यामुळे तुमची बाजू बरी आहे, यापेक्षा जास्त मी बोलणार नाही. पण मधल्या काळात तुम्ही कोल्हापूरला तपासणीला गेला होता का, हे पत्रात कुठेच नाही. गेला असाल आणि ‘टाके आहेत, दुखणारच’ असं सांगून तिथून परत पाठवलं असेल, तर ती ओपीडीची चिठ्ठी रुग्णालयाच्या बिलापेक्षा मोलाची आहे. मधल्या काळातल्या सगळ्या चिठ्ठ्या घर सारवताना गेल्या, असं तुम्ही लिहिलं आहे. याला काय म्हणावं? बिलं, नोटीस, रेशनकार्डाच्या चार चार झेरॉक्स जपल्या आणि नेमके हेच कागद टाकले. औषधाच्या दुकानाची बिलं, फोनपेवर डॉक्टरला गेलेले पैसे, कोल्हापूरच्या एसटीची तिकिटं, जे काही सापडेल ते शोधा. गावातल्या डॉक्टरचं प्रतिज्ञापत्रही चालेल, पण तो नोंदणीकृत आहे का हे आधी बघा. नसेल तर ते प्रतिज्ञापत्र समोरच्या वकिलाच्याच कामी येईल.

बोलणी चालू असली म्हणून मुदत थांबत नाही. नोटीस पाठवली म्हणून ती नव्याने सुरूही होत नाही. हे तुमच्या आधीच्या वकिलाने तुम्हाला सांगायला हवं होतं. ‘दिवाळीनंतर बसू’, ‘मोठे डॉक्टर आले की बघू’ हे व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपून ठेवा. उशीर का झाला हे सांगताना उपयोगी पडतील. समेटाच्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवर मात्र सही करू नका.

तक्रार जुलै संपायच्या आत दाखल करा. तिच्यात मुदत सीटीच्या तारखेपासून सुरू होते असं स्पष्ट लिहा, आणि सोबतच कलम 69 च्या दुसऱ्या पोटकलमाखाली विलंब माफीचा अर्जही जोडा. ‘विलंब झालेलाच नाही, पण आयोगाला झाला असं वाटलं तर ही कारणं’, अशी त्याची भाषा ठेवा. हा अर्ज न जोडता गेलेले लोक नंतर पस्तावतात.

आता कुठे, ते सांगतो. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. तेव्हा बेळगावच्या जिल्हा आयोगात करा, कोल्हापूरच्या फेऱ्या वाचतील. जिल्हा आयोगात जायचं की वरच्या, हे तुम्ही किती मागता यावर ठरत नाही, उपचाराला किती दिले यावर ठरतं. तुमचं बिल पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फीसुद्धा नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. रुग्णालयातले मराठी कागद, विशेषतः संमतीपत्र, इंग्रजी किंवा कन्नड भाषांतरासह जोडा. इथे भाषेवरून वाद घालत बसू नका. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तुमच्या हातात दोन महिने आहेत.

केसपेपर रुग्णालयाकडे आजच लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर 72 तासांत ते द्यावे लागतात. अडचण अशी की त्याच नियमांत कागद जपायची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं आहे, म्हणजे तुमची जानेवारीत संपली. नोटीस त्याआधी गेली असेल तर ‘कागद नष्ट झाले’ हे म्हणणं त्यांना जड जाईल, पण जाईलच अशी खात्री नाही. मागताना ऑपरेशन नोट आणि बोळे मोजल्याची नोंद नाव घेऊन मागा. बेळगावच्या रुग्णालयाचीही ऑपरेशन नोट घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘पोट उघडून तपासणी’ असेल तर ते पुरणार नाही. काढलेल्या वस्तूचं वर्णन कुठेतरी लेखी हवं. ते असेल तर तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष बहुधा लागणार नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच किशन राव प्रकरणात सांगितलं आहे.

पन्नास लाखांचं सांगता येत नाही. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेला त्रास यांवर आकडा ठरतो. विडी कामगाराचं कार्ड आणि मजुरी जमा झालेलं पासबुक जोडा, नाहीतर ‘गृहिणी’ लिहून मजुरी शून्य धरतील. डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही पक्षकार करा. पोलिसांत जाऊन भरपाई मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका.

निकाल कधी लागेल? कायदा म्हणतो आयोगाची नोटीस समोरच्याला पोचल्यापासून तीन महिन्यांत. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्या दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 मध्ये आला, भरपाई 36,000 रुपये. तो दिवाणी दावा होता, ग्राहक आयोगात इतकं लांबत नाही, पण तीन महिन्यांची आशा धरू नका. समोरच्याने 30 आणि फार तर वाढीव 15 दिवसांत उत्तर दिलं नाही तर पुढे संधी नाही, हे मात्र पक्कं आहे. तो पंचेचाळिसावा दिवस तुम्ही स्वतः मोजा, आणि त्या तारखेला वकिलाला आयोगात हजर राहायला सांगा.