लाइट गेल्यावर होतं तेवढंच हातकाम?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सागवानी चौरंगाच्या फळ्या कटरवर चिरल्या, भोकं ड्रिलनं पाडली, मग बिलावर 'हातकाम' लिहू का, असं तू विचारलंस. बिनधास्त लिही. लाइट गेल्यावर जेवढं होतं तेवढंच हातकाम, असं मोजायला बसलास तर आपल्याकडं भारनियमनच कारागीर ठरवेल. आणि साध्या रंध्यालाही सपाट तळ असतोच की, तोही हाताला वळण लावतो.

मोजायचं ते असं: मधेच हात चुकला तर नग बिघडतो का? राऊटर, म्हणजे कड कोरायचं फिरत्या पात्याचं यंत्र, हातात धरून कड गोल करताना दोन मिलिमीटर सरकलास की कड गेली. ते हातकामच. सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कोरीव मशीनवर, फाइल चढवली की बटण कुणीही दाबो, कमळ तसंच उमटणार. देवघराला असं कमळ लावलंस तर बिलात 'कोरीव मशीनचं, जोडणी हाताची' असं लिही. गिऱ्हाईक काही पळून जात नाही.

खरी परीक्षा सांध्यात आहे. पाय जोडणारी पट्टी 24 मिलिमीटर जाड असेल तर कुसू, म्हणजे पायाच्या भोकात बसणारं पट्टीचं टोक, तिच्या जाडीचा तिसरा हिस्सा, म्हणजे 8 मिलिमीटर. मशीनवर ते अर्धा मिलिमीटर जाड सोड आणि पटाशीनं उतरवत ने. हातानं दाबल्यावर निम्मं आत जावं, उरलेलं लाकडी हातोड्याच्या दोन-तीन ठोक्यांत. घट्ट असताना रेटलंस तर पायाला उभी चीर जाते. ढिलं राहिलं तर फेव्हिकॉल ती फट भरून काढत नाही, सुकताना स्वतःच आकसतो, आणि पाय डुलायला लागतो. भोक कुसवापेक्षा 2 मिलिमीटर खोल घे, जादा गोंद जाणार कुठं?

वरची फळी गोंदानं जखडू नकोस. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. मधला स्क्रू पक्का आवळ, कडेच्या स्क्रूंना आडवी लांबट भोकं ठेव, नाहीतर फळी तडकते.

पॉलिशआधी बल्ब बाजूला, फळीच्या पातळीला धर. मशीन रंध्याच्या लाटा तेव्हाच दिसतात, पॉलिश चढल्यावर दिसून उपयोग नाही. हातरंध्याचं पातं परजून बारीक काप घे, लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेनं जातात ते बघून. उलटा मारलास की लाकूड उपटतं. मग 120 आणि 180 नंबरचा पेपर, रेषेच्याच दिशेनं.