वाचक विचारतात : फायबरच्या होडीची फळी दबते, होडी खोल बसते

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी 18 फुटी फायबरची जुनी होडी विकत घेतली. मशीनच्या (इंजिनाच्या) पुढ्यात पाय ठेवला की फळीचा प्लाय दबतो. होडी पूर्वीपेक्षा खोल बसते, पाणी उपसलं तरी हलकी होत नाही. एक जण म्हणतो, वरून नवीन प्लाय मारून फायबरची मॅट चढव. दुसरा म्हणतो, खालचा फोम काढून थर्माकोल भर. काय करू?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : यातलं काहीच करू नका. उपसूनही होडी हलकी होत नाही, म्हणजे पाणी फोमात मुरलंय. वरून प्लाय मारलात तर ते पाणी आत कोंडाल आणि नवा प्लायही दोन-तीन पावसाळ्यांत कुजेल. मी उमेदीच्या काळात एका होडीला असंच केलं होतं. मालक तिसऱ्या वर्षी परत आला, आणि तेव्हा आतले स्ट्रिंगरही, म्हणजे तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब पट्ट्याही, गेलेले होते. त्याचं नुकसान माझ्यामुळे झालं, ते मी विसरलेलो नाही.

आधी खात्री करा. मागच्या बाजूला, मशीनजवळ, 2 इंची होल-सॉने प्लायला भोक पाडा आणि फोम हाताने उकरा. गेल्या वर्षी आमच्या शेडमध्ये आलेल्या होडीत वरचा बोटभर थर पिवळा, ठणठणीत कोरडा होता. खालचा तुकडा मुठीत दाबला तर काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांसारखा वास. असा फोम उन्हात वाळत नाही. चैत्र-वैशाख उघडा ठेवलात तरी पोटातला ओलावा तसाच राहतो. तो सगळा काढायचा.

कापण्याआधी होडीला खालून चार-पाच ठिकाणी नीट टेकू द्या. फळी निघाली की फायबरचा सांगाडा सैल पडतो, आणि वाकडा झालेला तळ पुन्हा सरळ होत नाही. कटरचं पातं प्लायच्या जाडीइतकंच खाली ठेवा आणि कडेला दोन इंच जुनी फळी राहू द्या, नवी तिच्यावर बसवता येते. स्ट्रिंगर हातोडीने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर तेही बदलावे लागतील, पण एकेक करून. ग्राइंडिंगला रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क लावा.

थर्माकोलवर पॉलिएस्टर रेझिन (मॅट चिकटवायचं रसायन) पडलं की तो डोळ्यांदेखत विरघळतो. पेट्रोलनेही तेच होतं. दोन भागांचा ओतायचा पॉलियुरेथेन फोम घ्या, घनता 32 किलो प्रति घनमीटर. असा एक घनफूट फोम खाऱ्या पाण्यात साधारण 28 किलो भार तोलून धरतो. एका वेळी अर्धा लिटरच कालवा. तो पंचवीसेक पट फुगतो आणि तापतो. एकदम ओतलात तर फळी उचकटेल. कालवतानाही वाफेसाठीचा मास्क हवाच.

आता फोम कुठे भरायचा ते, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा तरंगत राहायची, माणसं धरून बसायची. फायबर पाण्यापेक्षा जड, वर मशीनचं वजन, ती तळाला जाते. फोम असतो तो त्या घटकेसाठी. पण सगळा फोम फळीखाली भरलात तर पाणी भरलेली होडी पालथी होते आणि धरायला उरतो तो नुसता गुळगुळीत तळ. म्हणून थोडा फोम दोन्ही अंगांना, वर काठाखालच्या कप्प्यांत घाला आणि मशीनचं वजन पेलायला मागच्या कोपऱ्यांत.

प्लाय आयएस 710 शिक्क्याचाच, 12 मिमी. खालची बाजू आणि कडा आधी रेझिनने भिजवून घ्या. बाकड्यांच्या स्क्रूंची भोकं मात्र नीट बघा. तुमच्या होडीत पाणी बहुधा तिथूनच शिरलंय. प्रत्येक भोक मोठं पाडून रेझिनने भरा आणि त्यात नवं भोक पाडा. रेझिन घट्ट व्हायला त्यात दोन रसायनं घालतात : आधी कोबाल्ट पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. दोन्ही बाटल्या एका खोक्यातसुद्धा ठेवू नका.

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तोडफोड छपराखाली उरकायला हरकत नाही, पण फोम आणि मॅटचं काम कोरड्या हवेतच. ओल लागली की फोम नीट फुगत नाही, मॅट धरत नाही. जमलं तर एप्रिलमध्येच घ्या.

आणि फोम तळाला चिकटवून भरू नका. मधल्या कण्यालगत नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागपर्यंत पाण्याला वाट ठेवा. मी अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप पालथा घालतो. आडव्या फळ्यांनाही तळाशी अंगठ्याएवढी भोकं हवीत. फळी बसवण्याआधी नाळेकडे बादलीभर पाणी ओता. ते सगळं मागच्या बुचातून बाहेर आलं, तरच प्लाय चिकटवायला घ्या.