पोस्टर वेगळं, कॉमिक्सचं पान वेगळं

कळव्याहून लिहिणाऱ्या ताई,

मुलगा अकरावी सायन्सला, वह्या सुपरहिरोंनी भरलेल्या, आणि तुमचा प्रश्न एकच: कॉमिक्सवर पोट भरेल का? नुसत्या कॉमिक्सवर आपल्याकडे फार थोड्यांचं भरतं. बाकीचे जोडीला पाठ्यपुस्तकं, जाहिराती, अ‍ॅनिमेशनचे स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रांतला कच्चा आराखडा) करतात. म्हणून हात एकाच शैलीत अडकलेला नको. 'अमर चित्र कथे'तला कृष्ण आणि 'टिंकल'मधला सुप्पंडी, दोन्ही चित्रकार राम वाईरकरांच्याच हातचे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत शेडिंग छान आहे. पण प्रत्येक हिरो समोर बघत उभा, हात केपमागे लपवलेले! कॉमिक्समध्ये तेच पात्र पाठमोरं, खालून, गर्दीत, कुठूनही ओळखू यायला हवं. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी त्याला चार पानांची एक गोष्ट पुरी करू द्या. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर पाकीट मारलं जातं, एवढीही पुरे. त्या निमित्ताने बाजारात स्केचिंग होईल.

आधी पात्राचा तक्ता: समोरून, बाजूने, पाऊण वळलेलं, मागून. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर कच्ची मांडणी, पानाला पाच-सहा चौकटी. छपाई ए-४ असेल तर पेन्सिल आणि शाई ए-३ वर. आकार लहान होताना रेषेची थरथर झाकली जाते. रेषांचं स्कॅनिंग ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके.

नवखे हमखास फसतात ते संवादांच्या फुग्यांत. चित्र संपल्यावर संवादाला जागा शोधली की फुगा कुणाच्या तरी कपाळावर बसतो. संवाद कच्च्या मांडणीतच लिहावेत, आधी बोलणारा डावीकडे. मराठीत वर वेलांट्या-रफार, खाली उकार, म्हणून ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावं.

दुसऱ्याच पानावर कंटाळला, तर त्याचा ओढा कॅरेक्टर डिझाइनकडे, म्हणजे नुसती पात्रं घडवण्याकडे, असू शकतो. तेही काम आहेच, पण वाट वेगळी.

सायन्स सोडायची गरज नाही. पवईच्या आयआयटीत बी.डिझाइनसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिला बारावीची कुठलीही शाखा चालते. मुंबईच्या जे.जे. कलासंस्थेत उपयोजित कला (जाहिरात-छपाईसाठीची चित्रकला) आहे. ठाण्याहून रोज लोकलने जाऊन-येऊन करता येईल.

पुढे काम मिळालं की पानामागचा मोबदला ठरवावा, आणि फुकटात किती वेळा दुरुस्त्या करायच्या तेही. हक्क विकत असेल तर करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात हक्क किती काळासाठी दिले ती मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, म्हणून सहीआधी मुदतीचं कलम शोधायला सांगा.