टेंटच्या दोरीवर तंगडी

दिवाळी उरकली की माझ्या दवाखान्यातल्या गर्दीची जात बदलते. आठवडाभर मावळातल्या गाई-म्हशी आणि शनिवार-रविवारी पवना धरणाच्या काठी टेंटमध्ये मुक्कामाला आलेली पुण्या-मुंबईची कुत्री. कुणाला गोचिडी, कुणाला जुलाब, कुणाचा गावच्या कुत्र्याने फाडलेला कान. या महिन्यातली बरीचशी पत्रंही नेमकी याच विषयावर आली आहेत. तेव्हा म्हशींच्या कासदाहाचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

आमचा कोको लॅब्रॅडॉर आहे, अतिशय प्रेमळ. ‘पेट फ्रेंडली’ अशी जाहिरात पाहून पवनेला गेलो. संध्याकाळी त्याला मोकळं सोडलं तर शेजारच्या टेंटमधल्या बाईंनी आरडाओरडा केला, आणि मालकाने आम्हालाच ‘बांधून ठेवा’ म्हणून सुनावलं. मग पेट फ्रेंडली म्हणायचं कशाला?
— एक वाचक, कोथरूड

कोको प्रेमळ आहे हे तुम्हाला माहीत आहे. मला तुमच्या पत्रावरून कळलं. त्या बाईंना कसं कळावं? त्यांना दिसलं ते अंधारातून धावत येणारं तीस किलोचं जनावर. ‘तो काही करत नाही हो’ हे वाक्य मी नेहमी ऐकते, आणि बऱ्याचदा कुणाची तरी जखम धुता धुता ऐकते. पेट फ्रेंडली म्हणजे कुत्रा आणायची परवानगी, एवढंच. बाकीच्या पाहुण्यांनी त्याच्याशी दोस्ती करायची, असा करार त्यात नसतो. मालकाचं मात्र एक चुकलं. हे त्याने बुकिंगच्या वेळी फोनवरच सांगायला हवं होतं.

पवनेच्या काठाची रचना आठवा. टेंट एकमेकांना चिकटून, ओळीने. प्रत्येकापुढे सतरंजी, मध्ये शेकोटी, कडेला बार्बेक्यू. इतक्या दाटीत मोकळा सोडलेला नर पहिल्याच फेरीत काय करतो? प्रत्येक टेंटच्या दोरीवर तंगडी वर. त्याच्या लेखी ती हजेरीवहीतली सही. आत झोपणाऱ्याच्या मात्र ती उशाशी येते. मग सतरंजीवरचं पनीर. मग पाण्यात उडी. आणि बाहेर येऊन अंग झटकायचं तेही नेमकं कोरड्या माणसांच्या घोळक्यात जाऊन. यात कोकोचा काडीचा दोष नाही. लॅब्रॅडॉर पाणी बघून थांबला तर मीच त्याला तपासायला बोलवीन.

म्हणून बुकिंग करतानाच ओळीतला शेवटचा टेंट मागा: स्वयंपाकाच्या जागेपासून लांब आणि संडासाच्या वाटेवर नसलेला. ही वाट फार महत्त्वाची. रात्री दोन वाजता झोपाळलेलं एखादं मूल किंवा आजी तिथून जाणार, आणि नेमकं तिथे कुत्रं बांधलेलं असलं की किंकाळीला दुसरं कारण लागत नाही. चार-पाच मीटरची लांब दोरी न्या, ती झाडाला किंवा गाडीच्या हुकाला बांधा. टेंटच्या खुंटीला बांधलीत तर लॅब्रॅडॉर टेंटसकट निघेल. शेकोटीपर्यंत दोरी पोचत नाही ना, हे आधी मोजून बघा.

सकाळी लोक उठायच्या आत त्याला पट्ट्यावर लांब फिरवून आणा. ऊन वर आलं की काठावर शेळ्या-मेंढ्या चरायला येतात. तुमचा कुत्रा खेळायला म्हणूनच मागे धावतो, हे मान्य. पण गाभण शेळीला असं पळायला लावलं तर ती गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. तिला दात लागायचीही गरज नसते. अशी शेळी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येते आणि तोवर टेंटवाले पुण्यात पोचलेले असतात. शेळी म्हणजे त्या घराने साठवलेला पैसा. असं काही झालंच तर गुपचूप गाडी काढू नका. मालकाला शोधा, समोर बसून भरपाई ठरवा.

गावची कुत्री हा वेगळा विषय. ती जागा त्यांची आहे आणि तुमचा कोको त्यांच्या हद्दीत आलेला आहे. वाडीवस्तीतून त्याला मिरवत नेऊ नका. भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालायचा नाही. बादलीभर पाणी ओता, मोठा आवाज करा. तरीही कुणाला दात लागलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही. आपल्या कुत्र्याचं लसीकरण झालेलं आहे म्हणून त्या माणसाला ‘काही होत नाही’ सांगू नका. ते डॉक्टर ठरवतील.

राहता राहिली रात्र. कापडी भिंतीपलीकडची प्रत्येक चाहूल त्याला ऐकू येते, तो भुंकणारच. पहिल्यांदाच नेणार असाल तर आधी एखादी रात्र गच्चीवर टेंट लावून त्याच्यासोबत झोपून बघा. आणि तुम्ही तिकोना-लोहगड करायला जाणार आणि कोको टेंटमध्ये एकटा, हे अजिबात नको. तो आधी विव्हळतो, मग जाळी फाडतो. ‘तिथे रात्रभर स्पीकर चालतात, आमच्या भुंकण्याचंच काय घेऊन बसलात?’ असंही मला एकाने सुनावलं होतं. उघड्यावरचा स्पीकर रात्री दहानंतर बंदच हवा, २००० सालापासून तसा नियम आहे. तो कुणी पाळत नाही याचा राग मलाही येतो, पण त्याचा बदला कुत्र्याकडून कशाला?

भंडारदऱ्याजवळ आम्ही स्वतःच्या शेतात टेंट लावतो. काजव्यांच्या दिवसांत फोन येतात, ‘कुत्रा आणला तर चालेल का?’ नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं, हो म्हटलं तर बिबट्याची भीती. नियम काय ठेवावेत?
— एक शेतकरी, ता. अकोले

तुमची भीती शंभर टक्के खरी आहे, आणि तिला तुमच्याच तालुक्यातला पुरावा आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्यात बिबट्याच्या खाण्यातला, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांपेक्षाही जास्त! तेव्हा रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण, मग ते रॉटवायलर असो नाहीतर पॉमेरेनियन.

अंधार पडला की कुत्रं माणसाजवळ, छपराखाली आणि दाराआड. घराची एखादी खोली रिकामी करता येत असेल तर कुत्रेवाल्या पाहुण्यांना तीच द्या आणि दोन पैसे जास्त घ्या, ते आनंदाने देतात. टेंट द्यायचा झाला तर कुत्रं आत, टेंटची चेन बंद. गाडीत कोंडू नका. काचा लावल्या तर ते उकडून मरतं आणि उघड्या ठेवल्या तर उपयोग नाही. रात्री त्याला बाहेर न्यावंच लागलं तर दोन माणसं, बॅटरी आणि आखूड पट्टा. आणखी एक काम तुमच्याकडचं: जेवणावळीचं उष्टं टेंटामागच्या नाल्यात टाकणं बंद करा. उष्ट्यावर गावची कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो.

दुसरी गोष्ट हद्दीची. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य तुमच्या उंबऱ्याशी आहे. रतनगड, सांदण दरी बघायला येणाऱ्यांना वाटतं, कुत्र्यालाही नेऊ. अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायचा नसतो, हे फोनवरच सांगा. नाहीतर सकाळी ते तुमच्या हातात पट्टा देऊन गडावर जातील. यामागे कारणही आहे. पाळीव कुत्र्यांचे रोग जंगलात शिरतात. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता.

म्हणून बुकिंग पक्कं करायच्या आधी लसीच्या पुस्तिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. रेबीजची लस वर्षाच्या आतली हवी. पहिलीच असेल तर टोचून निदान महिना झालेला हवा. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टो या रोगांवरची एकत्र लसही हवी. जंतांचं आणि गोचिडींचं औषध अलीकडे दिलेलं असावं, नाहीतर त्यांच्या गोचिडी तुमच्या गोठ्यात आणि तुमच्या त्यांच्या सोफ्यावर. एका वेळी दोनच कुत्री घ्या, तीही एकमेकांपासून लांब. थोडी अनामत ठेवून घ्या. घाण न उचलता गेले तर ती परत नाही, हे आधीच बोला. माजावर आलेली मादी नको. का ते तुम्हाला सांगायला नको, रात्रभर पंचक्रोशीतली कुत्री टेंटाभोवती बसतील. शहरातल्या माणसाच्या हे डोक्यातच येत नाही, म्हणून न लाजता विचारा.

काजव्यांचे दिवस म्हणजे मे अखेर आणि जून. पाऊस लागेपर्यंत दुपारी टेंट नुसता तापतो. पग, बुलडॉग, शीत्झू असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अशी दुपार झेपत नाही. जीभ निळसर पडलेली कुत्री माझ्या टेबलावर आली आहेत. त्यांच्या मालकांना सरळ थंडीत या म्हणून सांगा. गिऱ्हाईक तुटणार नाही. थंडीत तसेही तुमचे टेंट रिकामे असतात, नाही का?

पवनेच्या काठावर जिकडेतिकडे शेण पडलेलं असतं. मग आमच्या कुत्र्याची शीच तेवढी पिशवीत का भरायची? माती होते की तिची.
— एक वाचक, पिंपळे सौदागर

हा प्रश्न पिंपळे सौदागरहून यावा याची गंमत वाटली. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं ते मुख्यतः पवनेचं पाणी. हिवाळ्यात जिथे टेंट लागतात त्यातली बरीच जमीन पावसाळ्यात धरण भरलं की पाण्याखाली जाते. पाणी शुद्ध करूनच पाठवतात, घाबरू नका. पण म्हणून त्यात भर घालायची असं नाही.

शेण आणि कुत्र्याची शी एका पंगतीला बसवू नका. गाय गवत खाते, तिच्या शेणाने अंगण सारवतात. कुत्र्याच्या शीतून जंतांची अंडी मातीत जातात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आणि त्या काठावर अनवाणी कोण फिरतं? गावातली पोरं आणि गुराखी. निओस्पोरा नावाचा एक परजीवीही कुत्र्याच्या शीतून चाऱ्यात जातो आणि गाय गाभडू शकते. तिचा मालक देवीचा कोप म्हणतो. पिशवीत भरा, गाठ मारा आणि ती गाठ मारलेली पिशवी गाडीतून घरी न्या. झाडाच्या फांदीला अडकवलेल्या निळ्या पिशव्या मी बघितल्या आहेत. त्या कुणी न्यायच्या अशी अपेक्षा असते, हे मला अजून उमगलेलं नाही.

मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती वाटते. मैत्रिणींबरोबर कॅम्पिंगला गेले की शेजारी हमखास कुणाचं तरी कुत्रं. बोलले तर लोक हसतात. काय करू?
— एक वाचक, ठाणे

हसू द्या, पण आधी बोला. पोचल्या पोचल्या, कुत्रं अंगावर यायच्या आत, शांतपणे जाऊन सांगा: ‘मला भीती वाटते, आमच्या बाजूला असताना याला धरून ठेवाल का?’ कुत्रं अंगावर आल्यावर बोललात की ते भांडण होतं. आधी बोललात तर विनंती. बहुतेक लोक ऐकतात. नाही ऐकलं तर मॅनेजरला टेंट बदलून मागा आणि त्यात कमीपणा मानू नका. भीती घालवायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. ‘हात लाव ना, काही करत नाही’ म्हणणाऱ्यांना ती शिकवणी कुणी दिलेली नाही.

कुत्रं जवळ आलंच तर पळू नका. हात अंगालगत, नजर बाजूला, झाडासारखं उभं राहायचं. ते हुंगेल आणि जाईल. तुमच्या ताटातलं चिकन मात्र त्याला टाकू नका. शिजलेलं हाड चिरफळतं, घशात किंवा आतड्यात रुततं. आणि एकदा मिळालं की ते रात्रभर तुमच्याच टेंटाभोवती घुटमळणार.

आमचा मोती गावठी आहे आणि फटाक्यांना खूप घाबरतो. थर्टी फर्स्टला बाबा त्याला पण कॅम्पिंगला नेणार म्हणतात. नेऊ का?
— इयत्ता पाचवी, नाशिक

नको. त्या रात्री बाराच्या ठोक्याला बहुतेक कॅम्पवर फटाके उडतात. घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकून गळपट्ट्यातून मान काढून घेतं आणि वाट फुटेल तिकडे पळतं. नाशिकला पळाला तर तुमची गल्ली त्याला ओळखीची आहे. तिथे त्याला काहीच ओळखीचं नसणार, आणि पुढे जंगल.

मोतीला त्या रात्री आजी-आजोबांकडे नाहीतर त्याच्या सवयीच्या कुणाकडे ठेवा. खिडक्या बंद, टीव्ही चालू, त्याचं अंथरूण कॉटखाली. बाबांना हे उत्तर वाचायला दे. आणि मोतीला न्यायचंच असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जा: छातीवरून बांधायचा पट्टा घाला, त्यावर बाबांचा फोन नंबर लिहा. तेव्हा गर्दीही नसते, आणि टेंट स्वस्त मिळतो, हेही बाबांना सांग.