खाडीकाठचा प्लॉट: काचेआधी पट्टी काढा

ठाण्यातल्या कोळशेतला खाडीकडे उतरत गेलेला निमुळता प्लॉट आणि त्यावर पाण्याच्या बाजूला सगळी काच असलेलं घर बांधायचं. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. गायमुखच्या अलीकडे आम्हीही हेच मांडलं होतं.

सातबारा, मोजणी, बिनशेती हे सगळं झालं असेल, असं धरतो.

आम्हाला बुडवलं ते एका झेरॉक्सने. शेजारच्या सरकारी जागेत तिवरांचा (खारफुटीचा) मोठा पट्टा आहे. असा पट्टा १००० चौरस मीटरच्या वर गेला की त्याभोवती ५० मीटर बफर, म्हणजे मोकळी सोडायची जागा. आणि हे अंतर तिवरांच्या कडेपासून, पाण्यापासून नव्हे. एका कार्यालयात चार खेपा घातल्यावर किनारा आराखड्याच्या (किनाऱ्यालगत कुठे काय बांधता येतं ते दाखवणाऱ्या) नकाशाची कॉपी मिळाली. नीट दिसावं म्हणून बाबूने ती मोठी करून दिली, खाली १:४००० तसंच छापलेलं. आर्किटेक्टने पट्टी लावली, जेमतेम १३ मिमी. म्हणजे ५१ मीटर, पास! प्रत्यक्षात होते ३६, कारण मोठ्या केलेल्या कॉपीला १:४००० हे प्रमाण लागूच नव्हतं. नकाशावरची मोजपट्टी कॉपीत कापली गेली होती आणि आमच्यापैकी कोणाला शंकाही आली नाही. ‘होऊन जाईल हो,’ असं तिथेच तोंडी सांगितलं होतं, लेखी मागितलं की साहेब रजेवर. ड्रॉइंग, थ्रीडी, पायलिंगवाल्याचा ॲडव्हान्स, सगळं पाण्यात. चूक आमचीही होती, पण राग त्या खिडकीचाच येतो.

म्हणून अधिकृत संस्थेकडून भरतीरेषा आणि तिवरांची कड जागेवर आखून घ्या, आणि मगच आर्किटेक्टला पेन्सिल उचलू द्या. पैसे जातात, जाऊ देत. (मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. नियम बदलतात, ताजे बघून घ्या.)

काचेबद्दल माझं मत विचाराल तर निम्मी करा. पावसाळ्यात वारा पाणी आडवं मारतो आणि चौकटीतून आत येतं, पुसायला घरचीच माणसं. उतार भरून सपाट करू नका, घर खांबांवर उचला. खाडीचा चिखल किती खोल आहे ते बोअर मारूनच कळेल. काँक्रीट एम३० ताकदीचं, सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. ठेकेदार ‘पंचवीस मिमी पुरे’ म्हणेल, ऐकू नका.

आणि श्रावणातल्या अमावास्येला भर भरतीच्या वेळी प्लॉटवर जाऊन उभे राहा. गमबूट घालून. आमचे चपलांचे दोन जोड तिथेच रुतून राहिलेत.